मास्क व्हेंटिलेशन: मास्क दाबू नका, जबडा उचला

पूर्ण भूल दिल्यावर रुग्णाचा स्वतःचा श्वास बहुधा थांबतो. तिथपासून श्वासनलिकेत नळी किंवा एलएमए (घशात स्वरयंत्रावर बसणारा छोटा मास्क) बसेपर्यंत आपण चेहऱ्यावर मास्क धरून, बॅग दाबून श्वास देतो; म्हणजे त्याचा श्वास आपल्या डाव्या हातात असतो. पण नव्या रेसिडेंटचं सगळं लक्ष लॅरिंगोस्कोपवर (नळी घालताना स्वरयंत्र बघायच्या उपकरणावर) असतं. मास्क हा नळीआधी वेळ काढण्याचा प्रकार समजून कसातरी धरला जातो. मग मॉनिटरचा सूर खाली उतरायला लागला की हात मास्क आणखी जोरात दाबतो आणि श्वासमार्ग होता तेवढाही बंद होतो.

पहिल्या वर्षाला असताना मी नेमकं हेच केलं होतं. एका जाड मानेच्या काकांना भूल दिली आणि बॅग दगडासारखी झाली. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ८८ वर आलं. मी दोन्ही खांदे लावून मास्क दाबत होतो. मागून आलेल्या वरिष्ठ मॅडमनी काहीही न बोलता हनुवटीखालच्या मऊ भागात रुतलेली माझी बोटं काढली, जबड्याच्या हाडावर ठेवली आणि जबडा वर ओढला. पुढच्याच श्वासाला छाती उचलली. औषध बदललं नव्हतं, मास्क बदलला नव्हता. बोटं फक्त एक इंच सरकली होती.

हा लेख भूलशास्त्राच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांसाठी आणि ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) हाताखाली असणाऱ्या इंटर्न, सिस्टर व टेक्निशियनसाठी आहे. अनुभवी भूलतज्ज्ञ शेजारी उभे असतानाच हे हाताला वळवायचं आहे.

## टप्पा १: आदल्या दिवशी विचारा, हात लावून बघा

पहिला प्रश्न पोटाचा. नियम सगळ्यांना पाठ असतात: साधं पाणी २ तास, आईचं दूध ४ तास, दूध किंवा हलकं खाणं ६ तास, तेलकट आणि भरपेट जेवण ८ तास. चुकतो तो प्रश्न विचारण्याचा प्रकार. “काही खाल्लंय का?” असं विचारलं की आजी “नाही” म्हणतात, आणि ते खरंही असतं. सकाळी सहाचा चहा त्यांच्या हिशोबात खाणं नसतो. दुधाचा चहा मात्र दुधातच मोजायचा, म्हणजे ६ तास. म्हणून “चहा घेतला का? किती वाजता?” असं वेगळं विचारा. नातेवाइकांनाही विचारा.

पोट भरलेलं असेल, आतड्याला अडथळा असेल, अपघातानंतर लगेच शस्त्रक्रिया असेल किंवा शेवटच्या महिन्यांतली गरोदर बाई असेल, तर नेहमीसारखं मास्कने श्वास देत बसायचं नाही. तिथे जलद भूल आणि लगेच नळी असा वेगळा क्रम असतो. तो निर्णय वरिष्ठांसोबत आधी घ्यायचा, टेबलावर नाही.

दुसरा प्रश्न: मास्क अवघड जाईल का? २००० साली लांजेरॉन आणि सहकाऱ्यांनी १५०२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यात सुमारे ५ टक्के लोकांमध्ये मास्क व्हेंटिलेशन कठीण गेलं आणि पाच गोष्टी ठळक दिसल्या: वय ५५ च्या वर, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २६ च्या वर, दाढी, दात नसणं आणि घोरणं. यातल्या दोन किंवा जास्त असतील तर सावध व्हा. त्यांच्या जोडीला मानेवर रेडिएशन झालेलं आहे का आणि झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे का, हेही विचारा. घोरण्याचं खरं उत्तर बायकोकडून किंवा नवऱ्याकडून मिळतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट डोळ्यांनी बघावीच लागते. तोंड उघडायला सांगा. गुटखा, मावा, सुपारी वर्षानुवर्षं खाल्लेल्या माणसाचे गाल बऱ्याचदा आतून पांढरट आणि ताठ झालेले असतात, तोंड दोन बोटंही उघडत नाही. अशा रुग्णाला मास्कने श्वास कदाचित सहज जाईलही. पण जीभ मागे पडली तर तोंडातून एअरवे (जीभ पुढे धरणारी वाकडी नळी) घालता येणार नाही, एलएमए जाणार नाही आणि लॅरिंगोस्कोपही जाणार नाही. हाताशी असलेले तीन उपाय एकाच वेळी बंद होतात. असा रुग्ण दिसला की वरिष्ठांना आदल्या दिवशीच कळवा. बहुतेक वेळा अशा रुग्णाला जागेपणीच, नाकातून, फायबरऑप्टिकने (बारीक लवचिक दुर्बिणीने) नळी घालण्याचा विचार करावा लागतो.

तपासा: नथ, चमकी, लिपस्टिक, नेलपॉलिश काढलं का? केसांचा अंबाडा सोडला का? डोक्यामागचा घट्ट अंबाडा डोकं पुढे ढकलतो आणि मान मागे जाऊ देत नाही. सिस्टरना वॉर्डातच वेणी बाजूला घालायला सांगा.

कवळीबद्दल एक शब्द. वॉर्डात ती सरसकट काढून डबीत ठेवतात. कवळी नसली की गाल आत बसतात आणि मास्कच्या दोन्ही बाजूंनी हवा निसटते. कवळी घट्ट बसणारी असेल तर मास्क व्हेंटिलेशन होईपर्यंत ती तोंडात ठेवायची की नाही, हे भूलतज्ज्ञांनी ठरवावं. ठेवली तर नळी घालण्यापूर्वी ती काढायची जबाबदारी एका माणसाला नावाने द्या. सैल किंवा अर्धवट कवळी मात्र आधीच काढलेली बरी.

## टप्पा २: सामान मांडा आणि खरोखर तपासा

रुग्ण आत येण्याआधी हे सगळं डोक्याच्या बाजूला, हात पोचेल असं हवं:

१. मास्क: अंदाजाने निवडलेला, त्याहून एक मोठा आणि एक लहान. साधारण बाईला ४ नंबर, पुरुषाला ५ नंबर. मास्कचं वरचं टोक नाकाच्या हाडावर आणि खालचं टोक खालच्या ओठाखालच्या खळीत यायला हवं. हनुवटीच्या खाली लोंबणारा मास्क मोठा, ओठावर येणारा लहान.

२. तोंडातले एअरवे: तीन मापांचे. ओठाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत धरून माप घ्यायचं. मोठ्या माणसाला बहुधा ८०, ९० किंवा १०० मिलिमीटरचा लागतो.

३. नाकातला मऊ एअरवे आणि जेली. माप नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपुढच्या उंचवट्यापर्यंत.

४. सक्शन: चालू करून, नळी बोटाने बंद करून ओढ बघितलेली, टोक उशीखाली.

५. योग्य मापाचा एलएमए, पाकीट उघडायला तयार.

६. अँबू बॅग (मशीनशिवाय हाताने श्वास देण्याची बॅग). मशीन बंद पडलं, सेंट्रल ऑक्सिजन गेला तर हीच वाचवते. टेबलाखाली, ऑक्सिजनच्या नळीसकट.

पारदर्शक मास्क मिळत असेल तर तोच घ्या. काळ्या रबरी मास्कमधून ओठांचा रंग, वाफ आणि उलटी दिसत नाही. हवेची गादी असलेला मास्क असेल तर सिरिंजने हवा भरून बघा. फार टणक गादी चेहऱ्याच्या खाचांत बसत नाही आणि फार मऊ असेल तर गळते.

बेन सर्किट (मशीनपासून मास्कपर्यंतची, नळीच्या आत नळी असलेली जोडणी) वापरत असाल तर आतली नळी जोडलेली आहे याची खात्री करायलाच हवी. बाहेरून सर्किट अगदी ठीक दिसतं, आणि आत नळी मशीनच्या टोकाला सुटलेली असते. तसं झालं तर रुग्ण स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत ओढत राहतो. तपासायला २ लिटर ऑक्सिजन चालू करा आणि रुग्णाच्या टोकाकडून आतल्या नळीचं तोंड २ मिलिलिटरच्या सिरिंजच्या दट्ट्याने बंद करा. फ्लोमीटरमधला बॉबिन (ऑक्सिजनचा वेग दाखवणारा तरंगता तुकडा) किंचित खाली आला तर नळी शाबूत. जागचा हलला नाही तर सर्किट बदला. हे तीस सेकंदांचं काम मी आजही प्रत्येक यादीच्या सुरुवातीला स्वतः करतो, दुसऱ्यावर सोडत नाही.

तपासा: एपीएल व्हॉल्व्ह (जादा हवा सोडणारी झडप) बंद करून, सर्किटचं टोक तळहाताने दाबून बॅग भरा. बॅग फुगलेली राहते का? मग व्हॉल्व्ह उघडा. हवा लगेच सुटते का? दोन्ही ‘हो’ असतील तरच पुढे. कॅप्नोग्राफ (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) जोडून त्यात स्वतः एक फुंकर मारा आणि पडद्यावर लाट उमटते का बघा.

## टप्पा ३: डोकं ठेवण्याची पद्धत

टेबल इतकं वर घ्या की रुग्णाचा चेहरा तुमच्या छातीच्या खालच्या टोकाशी येईल. वाकून मास्क धरला की दोन मिनिटांत मनगट थकतं, आणि थकलेलं मनगट मास्क दाबायला लागतं.

डोक्याखाली ७ ते १० सेंटिमीटर उंचीची टणक उशी. मान धडावर थोडी पुढे, डोकं मानेवर मागे, जणू माणूस पुढे वाकून फुलाचा वास घेतोय. उशी खांद्याखाली नाही, डोक्याखाली. मोठ्या माणसाच्या खांद्याखाली उशी सरकली की मान लटकते आणि घसा ताणून अरुंद होतो. ही चूक रोज दिसते.

वजनदार रुग्णाला एक उशी पुरत नाही. पाठीपासून डोक्यापर्यंत चादरींच्या घड्यांचा उतार करा किंवा टेबलाचा डोक्याकडचा भाग २० ते ३० अंश उचला. बाजूने उभं राहून बघा: कानाचं छिद्र आणि छातीच्या हाडाची वरची खळी एका आडव्या रेषेत आली की उतार बरोबर. हा उतार भूल देण्यापूर्वी करायचा. झोपलेल्या १२० किलोच्या माणसाखाली चादरी सारता येत नाहीत.

सावधान: मानेच्या मणक्याला इजा असण्याची शक्यता असेल तर डोकं मागे नेऊ नका. तिथे फक्त जबडा पुढे, आणि दुसरा माणूस दोन्ही हातांनी डोकं सरळ धरून ठेवेल.

## टप्पा ४: आधी ऑक्सिजन भरा

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ वाचवण्याचा प्रयत्न होतो, आणि खरं तर इथेच वेळ कमावता येतो. मोठ्या माणसाच्या फुफ्फुसात श्वास सोडल्यावर साधारण अडीच लिटर हवा शिल्लक असते. शरीर दर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. साध्या हवेवर त्या शिलकीत फार थोडा ऑक्सिजन असतो, म्हणून श्वास थांबला की जेमतेम मिनिटभरात सॅच्युरेशन कोसळायला लागतं. तीच शिल्लक ऑक्सिजनने भरली तर निरोगी माणसाला सात-आठ मिनिटं मिळतात. लठ्ठ माणूस, गरोदर बाई आणि लहान मूल यांना ही सवलत बरीच कमी मिळते. म्हणजे ज्यांना घाईत भूल द्यावी लागते, त्यांच्याकडेच शिल्लक कमी असते.

क्रम असा:

१. ऑक्सिजन मिनिटाला १० लिटर, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा.

२. मास्क चेहऱ्याला घट्ट टेकवा. चार बोटं वर धरलेला मास्क म्हणजे ओटीतली हवाच.

३. ३ मिनिटं नेहमीचा श्वास. घाई असेल तर ६० सेकंदांत ८ खोल श्वास.

४. मशीनवर सोडलेल्या श्वासातला ऑक्सिजन दिसत असेल तर तो ९० टक्क्यांपर्यंत पोचू द्या.

बॅग प्रत्येक श्वासाला हलते का आणि कॅप्नोग्राफवर चौकोनी लाट येते का, हे बघा. बॅग हलत नसेल तर मास्क गळतोय, आणि तीन मिनिटं झाली तरी काही भरलेलं नाही. मध्येच रुग्णाने काही विचारलं म्हणून मास्क उचलला, त्याने साध्या हवेचे दोन श्वास घेतले, तर घड्याळ पुन्हा सुरुवातीपासून.

सॅच्युरेशन १०० दिसतंय म्हणून इथे थांबू नका. साध्या हवेवरही ते ९८-९९ असतं. रक्त भरलं म्हणजे फुफ्फुस भरलं असं नाही.

मास्क जवळ आला की बरीच माणसं घाबरतात. आधी सांगा: “मावशी, हा नुसता ऑक्सिजन आहे, अजून भूल दिलेली नाही. नेहमीसारखा श्वास घ्या, मी इथेच उभा आहे.” त्या हात वर करून मास्क ढकलत असतील तर त्यांच्याच हातात मास्क धरायला द्या. स्वतः धरला की बहुतेक जण शांत होतात.

## टप्पा ५: भूल आणि पहिली पकड

झोपेचं औषध गेल्यावर पापणीच्या केसांना हलका स्पर्श करा. पापणी हलायची थांबत नाही आणि जबडा सैल होत नाही, तोवर तोंडात काही घालू नका. अर्धवट भुलेत एअरवे घातला की खोकला, ओकारी किंवा स्वरयंत्राचा झटका, यांपैकी काहीतरी ओढवून घ्याल. फेंटॅनिल (वेदनाशामक) भरभर ढकललं तरी छाती ताठ होऊन आणि स्वरतंतू मिटून बॅग घट्ट लागू शकते.

आता डावा हात.

१. मास्क आधी नाकाच्या हाडावर टेकवा, मग हनुवटीकडे उतरवा. डोळ्यांच्या कोपऱ्यांवर काठ येत नाही ना?

२. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, सर्किटच्या जोडाभोवती अर्धचंद्रासारखी.

३. उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडावर. करंगळी जबड्याच्या कोनामागे पोचायला हवी, निदान तिकडे वळलेली हवी.

४. तीन बोटांनी जबडा वर, छताकडे, उचलून मास्कमध्ये आणा. डोकं थोडं मागे न्या.

५. खालचा ओठ दातांत किंवा मास्कखाली चिमटत नाही, हे बघा. तोंड आतून किंचित उघडं राहायला हवं.

चौथ्या पायरीवर सगळं अवलंबून आहे. भूल लागल्यावर जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे घशाच्या भिंतीला टेकतात. जबड्याचं हाड पुढे आलं की त्याला चिकटलेली जीभ त्याच्यासोबत पुढे येते. मास्क खाली दाबला तर जबडाही खाली जातो आणि जीभ आणखी मागे. म्हणून चेहरा मास्ककडे न्यायचा. हाडाऐवजी हनुवटीखालच्या मऊ भागात बोटं घातली तर तुम्ही जीभ खालून वर टाळूला लावता. बोटाखाली हाड लागत नसेल तर पकड चुकली.

तपासा: तुमचं कोपर शरीराजवळ आहे का? हात लांब करून धरलेला मास्क उजवीकडे गळतो. गळतीचा आवाज आला की आधी तो कुठून येतोय ते ऐका, मग फक्त त्या बाजूला मास्क तिरपा करा.

## टप्पा ६: श्वास द्या, आणि पोचला का ते बघा

उजव्या हाताने बॅग हळू दाबा. दाबायला एक सेकंद, मग पूर्ण सोडा. मिनिटाला १० ते १२ श्वास पुरतात. श्वास इतकाच की छाती जेमतेम उचललेली दिसावी, वजनाच्या दर किलोला ६ ते ८ मिलिलिटर.

दाब १५ सेंटिमीटर पाण्याच्या आसपास ठेवा. २० च्या वर जाऊ देऊ नका. त्याच्या वर हवा अन्ननलिकेतून पोटात शिरायला लागते. पोट फुगलं की छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलला जातो, श्वास आणखी अवघड होतो आणि पोटातलं वर येण्याचा धोका वाढतो. साध्या बॉइल भूलमशीनवर बेन सर्किटला बऱ्याच ठिकाणी दाबमापकच नसतो. तिथे हातालाच दाब कळायला हवा. मापक असलेल्या मशीनवर मुद्दाम १५ आणि २० चा दाब बॅगवर कसा लागतो, हे शिकून घ्या.

श्वास पोचला हे ठरवण्याचा माझा क्रम असा आहे: छाती, लाट, वाफ, बॅगचा स्पर्श आणि अगदी शेवटी सॅच्युरेशन. बोटावरचा आकडा अर्धा मिनिट किंवा त्याहूनही मागे असतो. चांगला ऑक्सिजन भरलेल्या माणसात तर एकही श्वास न जाता तो काही मिनिटं ९९ दाखवेल. त्या आकड्याकडे बघून निश्चिंत राहिलात तर तो उतरायला लागेपर्यंत तुमची सगळी शिल्लक संपलेली असते.

कॅप्नोग्राफची लाट जास्त खरं बोलते. जपानच्या भूलतज्ज्ञ संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत याची सोपी वर्गवारी आहे. लाटेला सपाट माथा असेल तर श्वास किलोमागे ५ मिलिलिटरपेक्षा जास्त जातोय. लाट आहे पण माथा नाही, तर २ ते ५. लाटच नाही, तर जवळजवळ काहीच नाही. मास्कवर आकड्यापेक्षा आकार बघा, कारण बेन सर्किटमधला जास्त ऑक्सिजन आणि गळती यांमुळे आकडा खोटा कमी दिसतो.

## टप्पा ७: श्वास जात नाही. गळती की अडथळा?

छाती हलली नाही की पुढची हालचाल करण्याआधी उजव्या हाताला एकच प्रश्न विचारा: बॅग मऊ आहे की घट्ट? बॅग सहज रिकामी होते पण छाती उचलत नाही, म्हणजे गळती. बॅग दाबलीच जात नाही, म्हणजे अडथळा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. गळती समजून अडथळ्यावर मास्क दाबणं, ही या सगळ्या विषयातली सगळ्यात महाग चूक आहे.

गळती असेल तर: मास्कचं माप बदला, गादीतली हवा कमी-जास्त करा. दाढी असेल तर तिच्यावर जेलीचा थर लावा, किंवा तोंडासाठी छिद्र पाडलेली पारदर्शक चिकटपट्टी आधीच लावून ठेवा. शक्य असेल तर आदल्या दिवशी रुग्णाशी बोलून दाढी कमी करून घ्या. ज्यांच्या दाढीला धार्मिक अर्थ आहे, त्यांना मात्र हात लावू नका, पट्टी आणि जेलीवर भागवा. दात नसतील तर गालांत गॉजच्या घड्या ठेवा, त्यांची टोकं बाहेर. किंवा मास्कचा खालचा काठ खालच्या ओठाच्या आत, हिरडीवर बसवा.

अडथळा असेल तर: पुन्हा जबडा. दोन्ही हातांनी जबड्याच्या कोनामागून पुढे ढकला, डोकं मागे, तोंड किंचित उघडं. मग एअरवे. मोठ्या माणसात तो उलटा घालून अर्ध्यावर फिरवतात. फार लहान एअरवे जिभेला मागे ढकलतो आणि फार मोठा एपिग्लॉटिसला (श्वासनलिकेवरच्या झडपेला) दाबतो. तोंड उघडत नसेल तर नाकातला, जेली लावून, चेहऱ्याला काटकोनात, सरळ मागे. वरच्या दिशेला नाही. कवटीच्या तळाला फ्रॅक्चर असण्याची शक्यता असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर नाकाच्या वाटेला जाऊ नका.

यानेही भागलं नाही तर एका हाताचा हट्ट सोडा. दोन हात मास्कवर, बॅग दुसऱ्याच्या हातात. दोन्ही अंगठे मास्कच्या दोन बाजूंना लांब, पायाकडे टोक करून. अंगठ्यांच्या मुळाचा मांसल भाग काठ दाबतो आणि उरलेली चार-चार बोटं जबडा वर खेचतात. दोन्ही हातांनी अर्धचंद्रासारखं धरण्यापेक्षा या पकडीत हात कमी थकतो आणि श्वास जास्त जातो. बॅग दाबायला सिस्टर किंवा टेक्निशियन चालेल, फक्त आधी सांगून ठेवा: “मी म्हणेन तेव्हाच, हळू, छाती बघून.” दुसरा माणूस नसेल तर मशीन प्रेशर मोडवर १५ वर लावा आणि दोन्ही हात मास्कवर ठेवा.

माझं मत विचाराल तर लठ्ठ किंवा घोरणाऱ्या रुग्णात ही पकड पहिल्या श्वासापासूनच वापरावी. एक हात थकेपर्यंत वाट बघण्यात काही मोठेपणा नाही.

## टप्पा ८: भूल कमी पडतेय का?

पकड बरोबर, एअरवे आत, दोन माणसं, आणि तरी बॅग घट्ट. आता वरच्या अडथळ्याऐवजी स्वरयंत्राचा विचार करा. भूल कमी असेल तर स्वरतंतू मिटतात. आत ओढल्यासारखा चिरका आवाज येतो किंवा मग आवाजच येत नाही, गळ्याची खळी आत जाते.

१. शस्त्रक्रियेची किंवा कॅथेटरची हालचाल चालू असेल तर थांबवा.

२. १०० टक्के ऑक्सिजन, मास्क घट्ट, व्हॉल्व्ह थोडा बंद करून सतत हलका दाब. बॅग जोरजोरात दाबू नका, हवा पोटातच जाईल.

३. कानाच्या पाळीमागे, जबडा आणि कानामागचं हाड यांच्यामधल्या खळीत दोन्ही बाजूंनी बोटं रोवून आत आणि पुढे दाबा.

४. प्रोपोफॉलने (झोपेच्या औषधाने) भूल खोल करा. सुटलं नाही तर सक्सामेथोनियम (स्नायू झटपट शिथिल करणारं औषध). लहान मुलांत अ‍ॅट्रोपिन (नाडी मंदावली तर द्यायचं) भरलेलं हवं.

स्नायू शिथिल करणारं औषध देण्यापूर्वी मास्कने श्वास जातो का ते बघावं की नाही, यावर जाणकारांत दुमत आहे. मी एक-दोन श्वास देऊन बघतो, पण त्यात अडकून पडत नाही. अर्धवट भुलेत मिनिटभर झगडण्यापेक्षा शिथिलक पूर्ण लागल्यावर मास्क बहुतेक वेळा सोपा होतो. जिथे अवघड जाणार हे आधीच कळलं होतं, तिथे प्रश्न टप्पा १ मध्येच सुटायला हवा होता, जागेपणी नळी घालून.

## टप्पा ९: तरीही नाही. मोठ्याने सांगा

सावधान: “मास्क व्हेंटिलेशन होत नाहीये” हे वाक्य मोठ्याने बोला. सर्जनसाहेबांना ऐकू जाऊ दे, वरिष्ठांना बोलावणं जाऊ दे. मनातल्या मनात प्रयत्न करत राहण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो.

एलएमए लगेच घाला. नळीचे प्रयत्न करायचे तर मोजून. अखिल भारतीय अवघड श्वासमार्ग संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नळीचे प्रयत्न जास्तीत जास्त तीन, एलएमएचे दोन, आणि या सगळ्या वेळात नाकातून ऑक्सिजन चालू, असा क्रम आहे. हे सगळं फसलं तर स्नायू पूर्ण शिथिल आहेत याची खात्री करून, सर्वात चांगल्या पकडीने मास्कचा शेवटचा एक प्रयत्न. त्यात छाती हलली तर रुग्णाला जागं करता येईल का हा विचार. नाही हलली तर गळ्यातून, पुढून, वाट. ब्रिटनच्या २०१५ च्या तत्त्वांप्रमाणे १० नंबरची सर्जिकल ब्लेड, बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचिक काडी) आणि ६ नंबरची कफवाली नळी. ही तीन वस्तूंची पिशवी प्रत्येक ओटीत भिंतीला टांगलेली असावी, कपाटात कुलपात नाही. सॅच्युरेशन किती उतरतंय याची वाट बघत बसायचं नाही. श्वास कुठूनच जात नाही, एवढं कारण पुरेसं आहे.

## लहान मुलांसाठी बदल

बाळाचं डोकं मागून मोठं असतं. उशी दिली की मान वाकते आणि श्वास अडतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला डोक्याखाली काही नाही, उलट खांद्याखाली पातळ घडी. डोकं सरळ, जास्त मागे नाही. बोट हाडाच्या बाहेर जरासं गेलं तरी जीभ टाळूला लागते, म्हणून एकच बोट, हाडावर. एअरवे फिरवून घालू नका, टाळूला जखम होते. जिभेला दाबणाऱ्या पट्टीने जीभ बाजूला करून सरळ घाला. २० किलोच्या आत जॅक्सन-रीस सर्किट (लहान मुलांसाठीची, व्हॉल्व्ह नसलेली जोडणी). पोट पटकन फुगतं, तेव्हा बॅग दोन बोटांनी दाबा. फुगलंच तर पोटात नळी घालून हवा काढा. मुलांचा ऑक्सिजन वापर किलोमागे मोठ्यांच्या जवळजवळ दुप्पट आहे, त्यामुळे विचार करायला वेळही तेवढाच कमी.

## टप्पा १०: मास्क काढल्यावर

नळी बसली की डोळे नीट मिटलेत का बघा आणि पट्टी लावा. मास्कच्या काठाने बुबुळाला ओरखडा आलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी डोळा चोळत तक्रार करतो. ओठ, दात आणि नाकाच्या हाडावरची त्वचा बघा. गालांत ठेवलेले गॉज मोजून बाहेर काढा.

मग नोंद. भूलपत्रकावर नुसतं “मास्क व्यवस्थित” लिहू नका. एका हाताने झालं की दोन, एअरवे लागला का, कोणत्या मापाचा, शिथिलकाआधी कसं होतं आणि नंतर कसं, लाटेला माथा होता का. अवघड गेलं असेल तर रुग्ण पूर्ण जागा झाल्यावर त्याला आणि घरच्यांना मराठीत समजावून सांगा, आणि एका कागदावर लिहून द्या: भूल देताना मास्कने श्वास देणं कठीण गेलं, काय केल्यावर जमलं. हा कागद आधार कार्डासोबत ठेवायला सांगा. पुढच्या वेळी ते दुसऱ्या गावात, दुसऱ्या दवाखान्यात असतील, आणि रात्री दोन वाजता त्यांच्या डोक्याशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञाच्या हातात तोच एक कागद असेल.